आकडा वाचा, मग मेमो द्या

कोलकात्याजवळच्या न्यू टाउन भागातील एका गोदामात डिझेल फोर्कलिफ्टचा दिवा लागला. पडद्यावर ११० आणि त्यापुढे ४ असे आकडे आले. साहेबांनी कोड पुसून गाडी चालू ठेवायला लावली. तिसऱ्यांदा दिवा लागला, तेव्हा 'इंजिन तापवले' असा मेमो चालकाच्या हाती पडला. तेथील साथींनी तो आमच्याकडे पाठवला. आमचे मत स्पष्ट आहे : हा मेमो कोड न वाचता दिलेला आहे.

फोर्कलिफ्टसह बांधकाम यंत्रांना २०२१ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि संगणकावर चालणारी इंजिने वाढली. सर्वसाधारण पद्धतीत पहिला आकडा कशाचे माप ते सांगतो. ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचे तापमान, १०० म्हणजे ऑइलचा दाब. दुसरा आकडा बिघाडाची जात सांगतो. ० असेल तर पाणी खरोखर तापले आहे. ३ म्हणजे सेन्सरच्या तारेवर व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी. म्हणजे ११०-४ हा विजेचा दोष. चालकाचा त्यात काय संबंध? (काही कंपन्या स्वतःचे क्रमांक वापरतात, ते गाडीच्या पुस्तकात पाहावेत.)

तपासणीला पैसा लागत नाही. किल्ली बंद करून सेन्सरचा प्लग काढा, पुन्हा किल्ली द्या. ४ जाऊन ३ आला, तर तार ठीक आहे, सेन्सर आतून शॉर्ट आहे. ४ तसाच राहिला, तर तार कुठेतरी घासून बॉडीला लागली असावी. नवा सेन्सर आणून उपयोग नाही. एकदम चारपाच कोड आले, तर आधी बॅटरी, अर्थिंग आणि सेन्सरांना मिळून जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा पाहा. चारपाच सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत.

१००-१ आला तर मात्र वाद घालत बसू नका, इंजिन तत्काळ बंद करा. ऑइलची पट्टी पाहा, मेकॅनिककडून साधे गेज लावून दाब मोजून घ्या. सेन्सरवर संशय त्यानंतर. तोवर 'चालव रे' म्हणणाऱ्याकडून तसे लेखी घ्यावे.

मालधक्का असो वा टपालाचे पार्सल केंद्र, जिथे अशी गाडी आहे तिथे कोडांचा तक्ता मराठीत लावला पाहिजे, आणि कोड पुसण्यापूर्वी दोन्ही आकडे, वेळ, तासमीटर व पुसणाऱ्याची सही लॉगबुकात आली पाहिजे. शाखांनी ही मागणी पुढच्याच बैठकीत ठेवावी.