जुलमी राजालाही न्यायाची साक्ष लागते

इराणी राजनीतीचा विषय निघाला की एक मत ठरलेले असते : तिथे राजा म्हणजे देवाची सावली, प्रजा म्हणजे गुलाम आणि राज्यविचार म्हणजे नुसती खुशामत. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ साली पौर्वात्य राज्ये केवळ भीतीवर चालतात असा निवाडा दिला. तो आजही बिनतक्रार उचलला जातो. मला तो मुळातच अन्यायाचा वाटतो.

फिरदौसीने १०१० साली पुरे केलेले इराणी राजांचे महाकाव्य ‘शाहनामा’ घ्या. राजाला राजा करते ते ‘फर्र’, म्हणजे दैवी तेज. पण हे तेज सशर्त आहे. राजा जमशीद स्वतःला जगाचा कर्ता म्हणवू लागतो आणि त्याचे फर्र ओसरते. सरदार त्याला सोडून जातात. राज्य जाते ते झह्हाककडे. खांद्यांवरच्या सापांना रोज माणसांचे मेंदू चारणारा हा राजा दरबारातल्या थोरांकडून आपण न्यायी असल्याचा लेख लिहून घेतो! इतक्यात कावा लोहार आत शिरतो. त्याच्या अठरा मुलांतला एकच उरला आहे आणि त्यालाही सापांसाठी धरून नेले आहे. झह्हाक मुलगा परत देतो आणि लेखावर साक्ष मागतो. कावा तो लेख फाडतो, आपले कातडी आवरण भाल्यावर चढवून बाजारात लोक गोळा करतो. पुढे तेच कातडे इराणच्या राजांचे निशाण होते. खुशामतीची परंपरा लोहाराचे कातडे राजनिशाण म्हणून मिरवील काय?

ही नुसती काव्यातली गोष्ट नव्हे. इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांचा वजीर निजामुल्मुल्क याने ‘सियासतनामा’त सुलतानाला बजावले की आठवड्यातून दोन दिवस फिर्यादी स्वतः ऐकाव्यात, मध्ये कोणी नको.

यावर खरा बिनतोड आक्षेप असा : राजाने ऐकलेच नाही तर? त्याला आवरणारी संस्था कुठे होती? हे मान्यच केले पाहिजे. ‘न्यायी’ म्हणून गाजलेल्या नौशेरवान या सासानी राजाच्या नावावर समतेचा प्रचार करणाऱ्या मज्दकच्या अनुयायांची कत्तल आहे, आणि निजामुल्मुल्क तिचे कौतुकच करतो. ज्याने त्याने आपल्या पायरीवर राहावे, एवढाच या न्यायाचा अर्थ पुष्कळदा होता.

तरीही हा आदर्श म्हणजे निव्वळ ढोंग, असे म्हणता येत नाही. डिसेंबर १९०५ मध्ये साखरेचे भाव चढले म्हणून तेहरानच्या व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारले गेले. व्यापारी आणि धर्मपंडित शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात ठाण मांडून बसले. १९०६ संपता संपता मुजफ्फरुद्दीन शाहाला राज्यघटनेवर सही करावी लागली. तिच्या मसुद्यावर युरोपची, विशेषतः बेल्जियमची छाया होती, हे खरेच. पण जे सारे श्रेय युरोपला देतात त्यांनी एवढे सांगावे : दर्ग्यात बसलेल्यांची मुख्य मागणी संसदेची नव्हती, ‘अदालतखान्या’ची, म्हणजे न्यायालयाची होती. ती कुठून आली?