पुलाची चौकशी झाली, मजुरांची नाही

खंडाळ्याच्या बोरघाटात इंग्रजांनी रेल्वेचा एक पूल बांधला होता. त्यांच्या कागदात त्याचं नाव म्हौ-की-मल्ली. आठ कमानी, एकेक 50 फुटांची. 19 जुलै 1867 ला, भर पावसाळ्यात, तो कोसळला. लगेच चौकशी बसली. दगडचुन्याचं काम कच्चं निघालं, तेही लिहून ठेवलं.

पण घाट बांधताना माणसं मेली त्याचं काय? 1856 ला काम सुरू झालं, 1863 ला गाडी घाट चढली. 1861 साली 42,000 मजूर राबत होते. पटकीनं, तापानं किती गेले! 1859 च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून मजूर ठेकेदाराच्या माणसांवर उठले. (शाळेच्या पुस्तकात हे पोरांना कोण सांगतो?) त्या ठेकेदाराचं नाव आजही मिळतं, फॅविएल. मजुरांचा नुसता आकडा.

रूळ आले तसे स्लीपरला लाकूड लागलं. 1865 ला जंगल कायदा आला, 1878 ला आणखी कडक. आजा-पणजाचं रान सरकारी झालं. आता खातं आपल्यालाच विचारतं, दळी कधीपासून कसता, पुरावा दाखवा.

तर आपण लिहायचं. या महिन्यात वाडीवाडीत म्हाताऱ्यांना बसवा. आजाचं नाव, शेताची हद्द, बांधावरचं झाड वहीत उतरवा. दंडाची जुनी पावती चुलीत घालू नका. दंड घेतला म्हणजे तुम्ही तिथं कसत होता, हे खात्यानंच लिहून दिलंय. वह्या पुढच्या बैठकीला घेऊन या.