दोन पिढ्या पुरे?

बिंदू चौकात चहा घेताना एक शिकलेला पोरगा मला म्हणाला, "दोन पिढ्या सवलती खाल्ल्यात तुम्ही, आता बास करा की!" मी मॅट्रिक. मुंबईच्या गोदीत माल उचलतो, सुट्टीला कोल्हापुरात येतो, कविता करतो. त्या वेळी त्याला नुसती शिवी दिली. उत्तर आता देतो.

दोस्तहो, २०१५ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, आनंदवर्धन हार्डीकर आणि त्यांच्या साथीदारांनी उंदरांवरचं एक संशोधन छापलं. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर. पोटात चरबी साठलेली, रक्तात बी-१२ कमी, मधुमेहाला आठपट सहज बळी पडणारे. मग पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर चारलं. बिघाड हटला नाही! दोन पिढ्या, लेका!

जनुकाची अक्षरं बदलत नाहीत. त्यांच्यावर मेथिल नावाच्या बारीक रासायनिक खुणा बसतात, उठतात. कुठल्या जनुकानं बोलायचं, कुठल्यानं गप बसायचं, ते त्या ठरवतात. त्या बसवायच्या कामाला बी-१२ लागतं.

माझी आज्जी बहात्तरच्या दुष्काळात सांगोल्याकडं खडी फोडत होती. पोटात माझी आय. पोरीची बीजांडं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे ज्यातून मी झालो ते बीज त्या खडीवर हजर होतं. मस्टरवर नाव नव्हतं एवढंच.

आता हेच साले उलटं फिरवतील, 'बघा, खोट तुमच्या रक्तातच!' त्यांच्या तोंडावर हॉलंड फेका. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी तिथली रसद तोडली. तेव्हा जे गर्भात होते त्यांच्या जनुकांवरच्या खुणा साठ वर्षांनीही वेगळ्या सापडल्या. ते काय महारवाड्यातले होते? माणसात हे नातवंडां-पतवंडांपर्यंत किती उतरतं ते अजून सिद्ध नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे. खोटं बोलून मला भांडायचं नाही. पण आमची उपासमार पिंजऱ्यातली नव्हती. ती गावानं चालवली, शिळं तुकडं वरून टाकून, आणि धर्मानं तिला कायदा दिला.

बी-१२ भाजीभाकरीत नसतं. दुधात, अंड्यात, मटणात असतं. सरकारनं २०२३ साली शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं मंजूर केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा पैसा बंद केला. एक अंडं! आमच्या शाळकरी पोरींच्या पोटात पुढची बीजं आत्ताच आहेत. ते अंडं आधी ताटात टाका, मग सवलतींचा हिशेब मागायला बिंदू चौकात या. दिवाळीला मी तिथंच असतो.