उरलेले तुकडे

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं एक वृद्ध पालक आमच्या मुलांत बसले होते. बोलतां बोलतां 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ह्या दूरदर्शनवरील जुन्या मालिकेची गोष्ट निघाली, आणि नुसत्या आठवणीनेंच त्या गृहस्थांस हंसूं आवरेना. मुलें म्हणालीं, "आजोबा, आम्हांलाहि दाखवा ना!" तेव्हां त्यांचें हंसूं मावळलें. "बाळांनो, काय दाखवूं? बहुतेक सारें पुसून गेलें," एवढेंच ते म्हणाले. त्या उत्तराचा विचार आमच्या मनांतून जाईना, म्हणून हा लेखप्रपंच.

बडोद्यास पाली भाषेचें अध्यापन करणारे चिं. वि. जोशी (१८९२-१९६३) ह्यांनीं भोळ्या, भिडस्त चिमणरावाची आणि त्याच्या दणकट गुंड्याभाऊची जोडी मराठी वाचकांस दिली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. पुढच्याच वर्षीं सिंहगडावर प्रक्षेपक उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे दिसूं लागले. १९७७ च्या सुमारास ही जोडी कृष्णधवल मालिकेच्या रूपानें घराघरांत आली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. एका घरीं संच असावा आणि आळींतील दहा घरचीं माणसें ओसरीपर्यंत दाटीवाटीनें बसावींत, असे ते दिवस होते.

मग इतकें लोकप्रिय काम गेलें कोठें? तेथें कोणी चोर शिरला नव्हता. चित्रफीत म्हणजे लोहाच्या सूक्ष्म कणांचा लेप दिलेली पट्टी. त्या कणांचें चुंबकत्व बदलून चित्र व ध्वनि नोंदले जातात. त्याच पट्टीवर दुसरा कार्यक्रम नोंदला कीं पहिला नाहींसा होतो. पाटीवरील कालचें गणित पुसून आजचें लिहावें, तसेंच हें. फीत महाग असे, कार्यक्रम रोज नवा हवा असे. म्हणून जुन्यावर नवें मुद्रित होई. ही रीत केवळ आपल्याकडेच होती असेंहि नाहीं. जपानच्या एन्. एच्. के. ह्या संस्थेनें १९६३ सालीं 'हाना नो शोगाई' ही मोठी ऐतिहासिक मालिका दाखविली. तिच्या ३९ भागांपैकीं पहिला भाग तेवढा आज शिल्लक आहे. यंत्रविद्येंत अग्रेसर राष्ट्राची ही कथा, तर आपल्या अधिकाऱ्यांस एकट्यांस दोष कां द्यावा? त्यांनीं काटकसर केली. मात्र कशाची किंमत अधिक, फितीची कीं तिजवरील चित्राची, हा हिशेब त्या वेळीं चुकला.

कोणी म्हणतील, घटकाभर करमणूक होती, झाली आणि गेली; तिचें एवढें दुःख कशाला? आमचें मत निराळें आहे. राजांच्या सनदा व सरकारी दप्तरें सांभाळणारे पुष्कळ असतात. पण मराठी माणूस घरांत कसा बोले, भिडेनें कसा अडखळे, विनोदावर किती वेळ थांबून मग हंसे, हें दप्तरांत सांपडत नाहीं. जोशांच्या पुस्तकांत शब्द आहेत. त्या शब्दांना नटांनीं दिलेला स्वर व चाल पुस्तकांत नाहींत. तीं ज्या फितींवर होतीं, त्यांवर भलतेंच कांहीं नोंदलें गेलें.

पुस्तक टिकलें आणि फीत गेली, ह्याचें कारण साधें आहे. पुस्तक हजारों घरीं होतें. फीत एका कपाटांत होती. हा धडा आपल्या मावळास नवा नसावा. लोणावळ्याजवळ कुरवंड्यास उगम पावणारी आपली इंद्रायणी पुढें देहूस जाते. तिच्या डोहांत तुकोबांच्या वह्या बुडविल्या गेल्या व तेरा दिवसांनीं वर आल्या, अशी परंपरा सांगते. चमत्काराचा वाद आम्ही येथें करीत नाहीं. पण तुकोबांचे अभंग स्वहस्तें लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाड्यांची समाधि आपल्याच मावळांत सुदुंबऱ्यास आहे, हें तर प्रत्यक्ष आहे. संताजींसारख्यांनीं लिहिलें, इतरांनीं कंठांत सांठविलें. म्हणून गाथा आज घरोघर आहे. अलीकडे हेमा राइरकर व गी पॉइट्वाँ ह्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. जातीं थांबलीं, तरी ओव्या राहिल्या.

आज आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीं मोबाईल आहे. त्यांत शेंकडों चित्रें येतात, आणि जागा भरली कीं आजीच्या गाण्याचें चित्रण पुसून नव्या खेळास जागा केली जाते. दूरदर्शनच्या कपाटांत झाली तीच काटकसर ही. तेव्हां आमची एवढीच विनंति कीं, पुसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. जें राखावयाचें तें निवडावें, त्यावर नांव, गांव व दिनांक घालावा, आणि तें दोन निराळ्या ठिकाणीं ठेवावें. सारेंच राखणें शक्य नाहीं व इष्टहि नाहीं. पण काय जावें हें आपण ठरवावें, तें विसराळूपणावर सोडूं नये.

पांच हजारांस पोटभर जेवूं घातल्यावर प्रभूनें शिष्यांस उरलेले तुकडे वेंचावयास लाविलें, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हातीं भाकरी वाढत होती त्यासहि तुकडा वायां जाऊं देणें रुचलें नाहीं. मग ज्यांची भाकरी मोजकी, त्या आपणांस तें कसें परवडेल? पुसलेल्या फिती परत यावयाच्या नाहींत. परंतु त्या पाहून हंसलेलीं माणसें अद्यापि आपल्या घरीं आहेत. येत्या मे महिन्याच्या सुटींत प्रत्येक विद्यार्थ्यानें आपल्या आजी-आजोबांपाशीं वही घेऊन बसावें आणि त्यांस आठवेल तें लिहून घ्यावें. त्या वह्यांची एक प्रत आम्ही शाळेच्या ग्रंथालयांत ठेवूं. दुसरी ज्याच्या त्याच्या घरीं राहूं द्यावी.