आजारी मुलीची हजेरी किती धरायची?

शिष्यवृत्ती म्हणजे हुशार विद्यार्थ्याला दिलेली शाबासकी, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे मूळ मात्र शाबासकीत नाही. १९४४ साली तेव्हाच्या केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ती सुरू केली, ती पैशावाचून कोणाचे कॉलेज सुटू नये म्हणून. बाबासाहेब त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. पुढे आदिवासी आणि इतर मागास विद्यार्थ्यांसाठीही अशाच योजना आल्या, दर बदलले, अर्ज संगणकावर गेले. एक गृहीत मात्र कायम राहिले: विद्यार्थी म्हणजे धडधाकट, पूर्णवेळ, वर्षभर बाकावर बसणारा मुलगा.

गोंदिया जिल्ह्यात शिकवताना हे गृहीत किती पोकळ आहे ते दर पावसाळ्यात दिसायचे. कॉलेज सुरू होते आणि धानाची रोवणी लागते. परहे तयार झाले की घरातले एकही माणूस बांधावर बसून राहत नाही. वर्ग अर्धा रिकामा. पण रोवणी दोन-तीन आठवड्यांत उरकते, मुले परत येतात, हजेरी कशीबशी भरून निघते. त्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्यांची हजेरी कधीच भरून निघणार नाही त्यांच्यासाठी.

पूर्व विदर्भात सिकलसेल हा घराघरांतला शब्द आहे. आदिवासी आणि दलित समाजांत त्याचे प्रमाण अधिक. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे पिळून निघावीत अशा वेदना सुरू होतात. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, एवढेही निमित्त पुरते. माझ्या वर्गात सालेकसा तालुक्यातली अशी एक मुलगी होती. चार दिवस दवाखाना, दोन दिवस अशक्तपणा, मग पुन्हा वर्गात, तेही पहिल्या बाकावर. डोके उत्तम. आता हिशेब पाहा. वर्षाला अध्यापनाचे दिवस धरा १८०. पंचाहत्तर टक्के म्हणजे १३५. सहा-सहा दिवसांची आठ आजारपणे झाली तर ४८ दिवस गेले, उरले १३२. तीन दिवस कमी! परीक्षेला बसण्यापुरती हजेरीची सूट दाखला दाखवून मिळू शकते. शिष्यवृत्तीच्या कागदावर पंचाहत्तरचा आकडा पंचाहत्तरच राहतो. तिच्या कॉलेजच्या कार्यालयाने अर्ज पुढे पाठवला नाही. नियमाने पाहिले तर त्यांचे चुकलेही नाही. दुसऱ्या वर्षानंतर ती आली नाही.

नियमांत आजाराचा विचारच नाही असे नाही. २०१० च्या केंद्रीय नियमावलीत एक कलम आहे. आजारामुळे वार्षिक परीक्षा हुकली तर वैद्यकीय दाखला द्यावा, आणि परीक्षेला बसला असता तर विद्यार्थी उत्तीर्ण झाला असता अशी संस्थाप्रमुखांची खात्री पटावी. मग शिष्यवृत्ती पुढे चालू राहू शकते. (प्राचार्यांना भविष्य सांगायला लावणारा सरकारी नियम दुसरा कुठे असेल असे वाटत नाही.) पण या कलमातला आजार म्हणजे एखादा अपघात, विषमज्वर, आला आणि गेला. जन्माला चिकटून आलेल्या दुखण्याला त्यात जागा नाही.

ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांना सरकारी भत्ता मिळतो. तिथे पूर्णवेळ म्हणजे ठरलेल्या अभ्यासभाराचे तीन चतुर्थांश. त्याखाली सवलतीच्या पायऱ्या आहेत. काही शैक्षणिक कारणांनी दोन तृतीयांश भार चालतो. गंभीर अपंगत्व वा मनोविकार असेल तर एक चतुर्थांशही चालतो, आणि तरीही तो पूर्णवेळ विद्यार्थीच मानला जातो. तो देश श्रीमंत आहे, हे खरे. पण ‘किती दिवस बसलास’ याऐवजी ‘तुझ्या प्रकृतीला झेपेल एवढा अभ्यास घेतलास का’ असे विचारायला पैसा लागत नाही.

आपल्याकडे हे मोजायचे कसे, असा प्रश्न पूर्वी रास्त होता. वर्ष पास किंवा नापास, मधले काही नाही. आता ती सबब उरलेली नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांत श्रेयांक आले, २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक आली. सत्राला बावीस श्रेयांक झेपत नसतील तर चौदा घ्या, हे आता कागदावर मांडता येते. दुसरीकडे २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना अपंगत्वाच्या यादीत घेतले. म्हणजे आजार कायद्याने मान्य, श्रेयांक विद्यापीठाने मान्य. दोघांची गाठ शिष्यवृत्तीच्या अर्जात मात्र पडत नाही.

गैरफायदा घेतला जाईल, असे समाजकल्याणातले माझे एक स्नेही म्हणतात. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही. विदर्भाने शिष्यवृत्तीचे घोटाळे पाहिले आहेत. पण त्या चौकशांत बोटे उठली ती संस्थांकडे. खोटी पटसंख्या दाखवायला सिकलसेल लागत नाही. शिवाय या आजाराची खात्री रक्ततपासणीने होते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या डॉक्टरांनी वर्षातून एकदा लिहून द्यावे की ही मुलगी किती भार पेलू शकेल. कॉलेजने तेवढे श्रेयांक नोंदवावेत. आणि हजेरी त्या श्रेयांकांवर मोजावी, आजाराचे दिवस वजा करून. तीन वर्षांची पदवी साडेचार वर्षांत होईल. शिक्षणशुल्क तेवढेच. वाढेल तो निर्वाहभत्ता, आणि तो केवढा? २०१० च्या दरपत्रकात घरून ये-जा करणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्याला महिना ३०० रुपये होते. दर पुढे वाढले तरी दीड वर्षाच्या भत्त्याने तिजोरी रिती व्हायची नाही.

अडचण मला दिसते ती वेगळीच. कमी भार घेतलेली मुलगी म्हणजे ‘मागे पडलेली’ असे घरचेही म्हणतील आणि लग्नाची घाई करतील. त्यासाठी शासननिर्णय निघत नाही. पण घरी दाखवायला तिच्या हाती मंजूर शिष्यवृत्तीचा कागद असेल, तर आईला दारातल्या पाहुण्यांना ‘पोरगी अजून शिकत आहे’ असे सांगता येईल.