सून, जावई आणि व्हिशाची मुदत

विंटरनिट्झ यांचा भारतीय साहित्याचा इतिहास ज्याने कधी ना कधी चाळला नाही असा या विषयाचा अभ्यासक विरळाच. मूळ ग्रंथ जर्मन. भारतातील विद्यापीठांत तो पोचला तो मात्र इंग्रजी भाषांतरातून. कलकत्ता विद्यापीठाने १९२७ मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हा भाषांतरकर्तीचे नाव 'मिसेस एस. केतकर' एवढेच छापले गेले. ग्रंथ वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल की या मिसेस केतकर म्हणजे पूर्वाश्रमीच्या एडिथ कोहन, अर्थात ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या पत्नी शीलवतीबाई. त्या जर्मन ज्यू. १९२० मध्ये त्यांचा केतकरांशी विवाह झाला आणि त्यासाठी व्रात्यस्तोम विधीने त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले. पुढे त्यांनी 'मीच हे सांगितले पाहिजे' हे आत्मकथन लिहिले, तेही मराठीत. परदेशातून सून म्हणून आलेली एक स्त्री भारतीय साहित्याच्या अभ्यासाला असा हात लावून गेली.

या विवाहाकडे आज वेगळ्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. शीलवतीबाईंच्या वाटेत उभा होता तो धर्म, जात, समाज. म्हणून विधी लागला, आणि तोही जुन्या वैदिक वाङ्मयातून शोधून काढावा लागला. राज्यसत्तेची भूमिका मात्र निराळी होती. १९१४ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्वाच्या कायद्याप्रमाणे ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ब्रिटिश प्रजाजनच मानली जाई. या नियमात औदार्य होते असे मुळीच नव्हे. पत्नीला स्वतंत्र अस्तित्व नाही, नवऱ्याचे राष्ट्र तेच तिचे राष्ट्र, अशी ती जुनी पितृसत्ताक समजूत होती. तरी परिणाम असा, की शास्त्राचे दार अवघड होते आणि कचेरीचे दार सोपे.

शंभर वर्षांत ही दोन्ही दारे उलटी फिरली आहेत. बंगळूरसारख्या शहरात हे विशेष जाणवते. भारतीय विज्ञान संस्था, संशोधनसंस्था, महाविद्यालये आणि संगणक-उद्योग यांमुळे या शहरात परदेशी विद्यार्थी आणि नोकरदार सतत येतात. ओळखी होतात, विवाह होतात. समाज सर्वत्र उदार झाला असे नाही. तथापि ज्या घरांनी परक्या देशाची सून किंवा जावई मनापासून स्वीकारला आहे, त्या घरांनाही आता दुसऱ्याच उंबरठ्यावर अडावे लागते. हा उंबरठा व्हिशाच्या मुदतीचा आहे.

प्रश्न नेमका कोठे उद्भवतो ते एका कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. केनियाहून बंगळूरला शिकण्यासाठी आलेला एक तरुण आणि बेळगावकडची एक मराठी तरुणी यांनी विवाह करावयाचे ठरवले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे नोटीस द्यावयाची, तर दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात तीस दिवसांचे वास्तव्य हवे. नोटीस लागल्यावर आक्षेपांसाठी आणखी तीस दिवस थांबावयाचे. परदेशी व्यक्ती अविवाहित असल्याचे तिच्या दूतावासाचे प्रमाणपत्र बहुधा मागितले जाते, दूतावास दिल्लीला. विवाहकायद्याचे घड्याळ असे आपल्या गतीने चालते आणि व्हिशाचे घड्याळ आपल्या गतीने. पहिले दुसऱ्यासाठी थांबत नाही, दुसरे पहिल्याची चौकशी करत नाही. विवाहाची नोंद वेळेत झाली, तर मुदतीच्या आतच पती वा पत्नी या नात्याने व्हिशाचा प्रकार बदलून मागता येतो. पण नोंद होण्यापूर्वी शिक्षणाचा व्हिसा संपला, आणि मुदतवाढीचा अर्ज अज्ञानाने, आळसाने किंवा भीतीने राहून गेला, की तोच तरुण कायद्याच्या दृष्टीने दुसराच मनुष्य होतो.

कोणता मनुष्य? येथे नागरिकत्व कायद्यातील एक व्याख्या वाचावी लागते, आणि व्याख्या वाचणे हे साहित्याच्या अभ्यासकाचे परके काम नव्हे. २००३ च्या दुरुस्तीने १९५५ च्या कायद्यात 'अवैध स्थलांतरित' ही संज्ञा आली. तिच्यात दोन प्रकारची माणसे एकत्र बांधलेली आहेत. पहिला प्रकार वैध पारपत्रावाचून देशात शिरलेल्यांचा. दुसरा, वैध कागदांनिशी येऊन परवानगीच्या मुदतीपलीकडे राहिलेल्यांचा. एकजण भिंत चढून आला, दुसरा दारातून, यजमानाने उघडलेल्या दारातून आला आणि वेळेवर उठला नाही. लोकव्यवहारात या दोघांना कोणीही एका नावाने हाक मारणार नाही. कायद्याने मारली. आणि नाव एक झाले की फळही एक होते: अवैध स्थलांतरिताला विवाहाच्या आधारे नागरिक म्हणून नोंदणी मागता येत नाही. मग विवाह दहा वर्षांचा असो, घरात सासूसासरे आणि मुले असोत.

या कलमाचा इतिहास बोलका आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात भारतीय नागरिकांशी विवाह झालेल्या स्त्रियांना नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय होती, पुरुषांना नव्हती. म्हणजे त्या कायद्याला सून ठाऊक होती, जावई ठाऊक नव्हता. परकी मुलगी घरात येते, मुलगा येत नाही, ही आपल्या कुटुंबव्यवस्थेची धारणाच तेथे कलम होऊन बसली होती. अमेरिकेत जन्मलेल्या गेल ऑमवेट यांनी १९७६ मध्ये भारत पाटणकर यांच्याशी विवाह केला, सांगली जिल्ह्यातील कासेगाव हे आपले घर मानले आणि १९८३ मध्ये त्या भारताच्या नागरिक झाल्या. ब्राह्मणेतर चळवळीचा त्यांचा अभ्यास वगळून महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास लिहिता येत नाही. तीन वर्षांनी, १९८६ च्या दुरुस्तीने, 'स्त्रिया' या शब्दाच्या जागी 'व्यक्ती' आली. जावयाला प्रथमच स्थान मिळाले. मात्र त्याच वेळी पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आली आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची झाली. दार रुंद झाले आणि उंबरठा उंच झाला. उंच उंबरठ्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. नागरिकत्व ही थोड्या परिचयावर देण्याची वस्तू नव्हे. तक्रार आहे ती व्याख्येबद्दल.

२०१५ च्या दुरुस्तीने परदेशी जोडीदारासाठी आणखी एक वाट निघाली. विवाह नोंदलेला असेल आणि अर्जापूर्वी सलग दोन वर्षे टिकला असेल, तर 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे कार्ड मिळू शकते. पाकिस्तान वा बांगलादेश यांच्याशी ज्याच्या वंशाचा संबंध आहे त्याला ते मिळत नाही. नाव 'सिटिझन' असले तरी हे नागरिकत्व नव्हे: मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि विवाह मोडल्यास कार्डही रद्द होऊ शकते. पण तेवढ्यापर्यंत पोचण्यासाठीही आधी वास्तव्य नियमित असावे लागते. बंगळूरमध्ये या अर्जांचा व्यवहार पाहणारे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय अनेक वर्षे शांतिनगर बस स्थानकाच्या इमारतीत भरत आले आहे. २०१८ पासून बहुतेक अर्ज संगणकावरून करावयाचे असतात. मुदत उलटलेल्याला दंड भरून मुदत वाढवून मिळणे अशक्य नाही. परंतु ते देणे न देणे अधिकाऱ्याच्या विवेकावर आहे. अर्जदाराचा तो हक्क नाही. नाही मिळाले, तर देश सोडण्याची आज्ञा, आणि काहींच्या बाबतीत नेलमंगलजवळ सोंडेकोप्प येथील निरोध केंद्र. न्यायालयाकडूनही फार अपेक्षा करता येत नाही. १९३७ पासून भारतात राहिलेल्या लुई डी राएड्ट या बेल्जियन धर्मप्रचारकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले, की जीविताचे व स्वातंत्र्याचे संरक्षण परकीयालाही आहे, पण या देशात राहण्याचा व स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क त्याला नाही.

येथवरचा तोटा पतिपत्नींचा आहे, आणि कोणी म्हणेल की तो त्यांनी ओढवून घेतला. या व्याख्येचे सर्वांत कठोर फळ मात्र ज्याने काहीच ओढवून घेतलेले नाही त्याच्या पदरात पडते. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेले मूल जन्माने नागरिक ठरावयाचे, तर दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा त्याच्या जन्मवेळी अवैध स्थलांतरित नसावा. वरच्या उदाहरणातील दांपत्याला बंगळूरच्या रुग्णालयात मूल झाले आणि त्या दिवशी बापाचा व्हिसा संपलेला असला, तर बेळगावकडच्या त्या आईचे भारतीयत्व मुलापर्यंत पोचत नाही. आई नागरिक, जन्म या भूमीवर, बोली मराठी आणि कानडी. आणि तरी मूल जन्माने भारतीय नाही. विशेष परिस्थितीत अल्पवयीन मुलाची नोंदणी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे, हे खरे. पण तो सरकारचा अधिकार झाला, मुलाचा हक्क नव्हे. नवऱ्याच्या राष्ट्रीयत्वात पत्नीचे राष्ट्रीयत्व बुडवणारा १९१४ चा कायदा आपण मागासलेला म्हणतो. नवऱ्याच्या मुदतबाह्य कागदात आईचे नागरिकत्व बुडवणाऱ्या या तरतुदीला काय म्हणावयाचे?

दुसऱ्या देशांनी हा भेद कसा हाताळला ते पाहणे उद्बोधक आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबांत हा विषय अपरिचित नाही. तेथे तपासणी होऊन, रीतसर प्रवेश मिळवून आलेल्या व्यक्तीने पुढे अमेरिकन नागरिकाशी खरा विवाह केला, तर केवळ मुदत उलटली या कारणास्तव देशातच राहून स्थायी वास्तव्याचा अर्ज करण्याचा तिचा मार्ग बंद होत नाही. तपासणी चुकवून शिरलेल्याला सर्वसाधारणपणे ही सोय नाही. हा कायदा कोमल आहे असे कोणी समजू नये. नुसत्या अर्जाने परत पाठवणीपासून संरक्षण मिळत नाही. आणि मुदत उलटलेला मनुष्य देशाबाहेर पडला, तर १९९६ च्या कायद्याने त्याला तीन किंवा दहा वर्षे परत येण्याची बंदी होऊ शकते. विवाह नवा असेल तर प्रथम दोन वर्षांचे सशर्तच वास्तव्य मिळते. कठोर कायदादेखील दारातून आलेला आणि भिंतीवरून आलेला हा भेद राखू शकतो, एवढेच या उदाहरणावरून दिसते.

वस्तुतः भारतीय संसदेनेही तो ओळखला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या इमिग्रेशन व परदेशी नागरिक कायद्यात वैध कागदांवाचून प्रवेश करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मुदतीपलीकडे राहणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा वेगळ्या शिक्षा आहेत. शिक्षा देताना दोन अपराध दोन मानावयाचे आणि नागरिकत्व नाकारताना एक, ही विसंगती आहे. व्याख्या अभंग आहे असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतील सहा धर्मसमूहांसाठी तिला अपवाद जोडला. तो अपवाद योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वाद. पण धर्माच्या आधारे ज्या शब्दाला मुरड घालता येते, त्याला विवाहाच्या आणि अपत्याच्या आधारे घालता येऊ नये, हे पटत नाही.

खोट्या विवाहांचे भय अनाठायी नाही. कागदापुरते विवाह सर्वत्र होतात. पण त्यावरचा उपाय विवाहाची परीक्षा हा आहे, आणि ती परीक्षा कायद्यात आहेच: कार्डासाठी दोन वर्षे, नागरिकत्वासाठी सात. खोटा विवाह सात वर्षे पोसणे सोपे नसते. उलट व्याख्येतील गोंधळ खऱ्या विवाहांनाच लपून राहावयास लावतो, कारण कार्यालयात जाऊन चूक कबूल करणे म्हणजे स्वतःच्या हाताने नाव लावून घेणे. चूक कबूल करणाऱ्याला सुधारण्याची वाट नसेल, तर कबुली कोण देईल? आणि मग राज्यालाही आपल्या शहरात कोण राहते हे कळत नाही.

म्हणून मागणी लहान आहे. वैध प्रवेश करून मुदत उलटलेल्यांना 'अवैध स्थलांतरित' या व्याख्येतून वेगळे काढावे. त्यांच्यापैकी ज्यांचा भारतीय नागरिकाशी खरा विवाह झाला आहे त्यांना ठरावीक मुदतीत, दंड भरून, वास्तव्य नियमित करून घेण्याचा हक्क द्यावा. आणि मुलाचे जन्मजात नागरिकत्व पालकाच्या व्हिशावरील तारखेला बांधू नये. दंड असावा, चौकशी असावी, प्रतीक्षाही असावी. पण एका तारखेने माणसाची जात बदलू नये.

शीलवतीबाई आणि गेल ऑमवेट यांची नावे येथे घेतली ती त्यांच्या विद्वत्तेच्या बळावर इतरांना सवलत मिळावी म्हणून नव्हे. परदेशातून आलेल्या सुनेने विंटरनिट्झ भाषांतरित केला पाहिजे, अशी अट कोणत्याही घराने घालू नये, आणि राज्याने तर नाहीच. केतकरांच्या घरात येण्यासाठी एडिथ कोहनला एक विधी करावा लागला. विधी जुना होता, पण त्याला आरंभ होता आणि शेवटही होता. तो झाला की बाहेरची व्यक्ती आतली होत असे. आजच्या कायद्याने मुदत उलटलेल्या सुनेसाठी आणि जावयासाठी असा एखादा विधी, कितीही खर्चिक आणि कितीही कडक, अजून निर्माण केलेला नाही.