पागेतली गाडी धावलीच पाहिजे!

नवी गाडी दारात आली की आपल्याकडे आधी पूजा. हार, नारळ, चाकाखाली लिंबू आणि मग बंपरला लिंबू-मिरची! या प्रकाराला हसणाऱ्यांनी इटलीतल्या मिलानजवळच्या अरेझे गावी जाऊन यावं. तिथल्या आल्फा रोमिओ कंपनीच्या म्युझियममध्ये रेसच्या गाड्यांवर हिरवंगार चारपानी क्लोव्हर रंगवलेलं दिसेल. १९२३ साली उगो सिव्होची या ड्रायव्हरने नशीब फळफळावं म्हणून ते गाडीवर काढलं आणि सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ शर्यत जिंकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मोंझाच्या ट्रॅकवर नव्या गाडीची चाचणी घेताना अपघात होऊन तो गेला. त्या गाडीवर क्लोव्हर नव्हतं! तेव्हापासून आल्फाच्या रेसच्या गाड्यांना हे पान चिकटलं ते चिकटलंच. फक्त त्यामागच्या पांढऱ्या चौकोनाचा त्रिकोण झाला. एक कोपरा कमी झाला तो सिव्होचीच्या आठवणीसाठी, असं सांगतात.

अशा हकिकती या म्युझियममध्ये पावलोपावली भेटतात. कंपनीचा जन्म १९१० चा, मिलानच्या पोर्तेल्लो भागातला. म्युझियम सुरू झालं १९७६ मध्ये. त्यासाठी गाड्या जमवण्यात मोठा वाटा लुइजी फुसी यांचा. कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून उमेदवारी केलेला हा माणूस पुढे आल्फाचा चालताबोलता इतिहास झाला. १९३५ मध्ये जर्मनीच्या न्यूरबर्गरिंगवर ताझिओ नुव्होलारीने ज्या जातीच्या गाडीने बलाढ्य जर्मन गाड्यांना त्यांच्याच घरात धूळ चारली, ती पी-३ इथे आहे. १९५० आणि १९५१ अशी फॉर्म्युला वनची पहिली दोन्ही विश्वविजेतेपदं मिळवून देणाऱ्या 'आल्फेत्ता'ही इथेच. महायुद्धात बॉम्बपासून वाचवण्यासाठी या आल्फेत्ता म्हणे चीजच्या कारखान्यात लपवून ठेवल्या होत्या!

आता खरा प्रश्न. इतक्या जपलेल्या गाडीचं पुढे करायचं काय? दोरी बांधून उभी करायची, की बाहेर काढून पळवायची?

१९८२ मध्ये अरेझेलाच एक क्लब सुरू झाला, 'स्कुदेरिया देल पोर्तेल्लो'. स्कुदेरिया म्हणजे घोड्यांची पागा. नावातच सगळं आलं. घोडा पागेत बांधून ठेवला तर त्याचे पाय जातात. जुन्या आल्फा गाड्या जुन्या मोटारींच्या शर्यतींत खरोखर धावत्या ठेवायच्या, हे या मंडळींचं काम.

गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की इंजिनातलं तेल खाली उतरतं, आतले भाग कोरडे पडतात, रबरी सील कडक होऊन तडकतात. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट थर बसतो. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. बाहेरून नवी नवरी, आतून सांगाडा! पण शर्यतीत धडक बसली तर? साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा भाग कुठल्या दुकानात मिळणार? तो हातानेच घडवायचा. असे चार-सहा भाग बदलले की मूळ गाडी उरली किती, हाही वाद आहेच. म्हणजे उभी ठेवली तरी झीज, पळवली तरी झीज. मात्र पळणाऱ्या गाडीभोवती माणसं तयार होतात. कान लावून इंजिनाचं दुखणं ओळखणारा मेकॅनिक काचेच्या कपाटात ठेवता येत नाही. तो हाताखाली शिकूनच घडतो.

कंपनी पाठीशी असली म्हणून म्युझियम निर्धास्त असतं असंही नाही. १९८६ पासून आल्फाची मालकी फियाटकडे गेली. अरेझेच्या कारखान्यातलं उत्पादन २००५ मध्ये थांबलं. २०११ मध्ये म्युझियमलाही टाळं लागलं, ते उघडलं २४ जून २०१५ रोजी, कंपनीच्या वाढदिवशी. आता तिथे सुमारे ७० गाड्या मांडल्या आहेत. आणि कारखान्याच्या जागेवर? २०१६ मध्ये भलामोठा मॉल उभा राहिला. गिरणगाव पाहिलेल्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपलीही एक गाडी याच फियाटच्या गोतावळ्यातली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी! काळी-पिवळी होऊन तिने चार दशकांहून अधिक काळ मुंबईला वाहून नेलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची टॅक्सी म्हणून शेवटची मुदत संपली. तेव्हा एखादी तरी जतन करा, अशी विनंती टॅक्सीवाल्यांनीच केली होती.

जतन जरूर करावी. पण चबुतऱ्यावर चढवून हार घालण्यापुरती नको. वर्षातून एकदा तरी सकाळी तिचं मीटर डाऊन व्हावं, आणि एखाद्या आजोबांनी मागच्या सीटवर बसून नातवाला सांगावं, ''याच गाडीतून तुझ्या बाबाला हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं...''